बडोद्याहून थायलंडला इंग्रजी शिकवायला निघताना

थायलंडमधल्या शाळांचं वर्ष मे महिन्याच्या मध्यावर सुरू होतं. तिथे शिकवायला जायचं असेल तर कागदांना जानेवारीतच हात घालायला हवा. बडोद्यातल्या मराठी मुलामुलींकडून या कामाची चौकशी होते, पण ती बहुतेक वेळा व्हिसा आणि पगार यांपाशीच थांबते. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. मात्र नोकरी टिकते किंवा सुटते ती वर्गात. म्हणून आधी कागदांचं भराभर उरकते आणि मग वर्गाकडे वळते.

थायलंडच का, तर बाकीची दारं अरुंद आहेत. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्याकडून जपान भाषाशिक्षकाच्या व्हिसासाठी किमान १२ वर्षं इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा पुरावा मागतो. मराठी किंवा गुजराती माध्यमातून बारावी केलेल्यांचं तिथेच अडतं. कोरियाचा ई-२, म्हणजे भाषाशिक्षकाचा व्हिसा, मुख्यतः सात ठरावीक देशांच्या नागरिकांसाठी आहे. थायलंडमध्ये भारतीय पासपोर्ट चालतो. पदवी लागते आणि इंग्रजीचा दाखला लागतो. टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे ६०० गुण किंवा आयईएलटीएसचे ५.५ ही नेहमी मागितली जाणारी पातळी आहे. 'फक्त नेटिव्ह स्पीकर' असं छापलेल्या जाहिराती तिथेही भरपूर दिसतील. त्या सोडून द्याव्यात आणि पुढे जावं.

एम. एस. युनिव्हर्सिटीतून शिकलेल्यांची एक बाजू भक्कम असते. तिथे शिक्षणाचं माध्यम इंग्रजीच आहे, त्यामुळे फॅकल्टीकडून तसं पत्र मागून घ्या. पदवीचं मूळ प्रमाणपत्र हातात हवं, नुसत्या मार्कशीटवर किंवा प्रोव्हिजनलवर भागत नाही. खरी अडचण येते नावाची. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आपल्या मराठी वडिलांच्या नावापुढे कधीतरी कुणी तरी 'भाई' जोडून ठेवलेलं असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्न झालेल्या मुलींचं आडनावही बदललेलं. थायलंडमधला कारकून अक्षराला अक्षर जुळवून बघतो. एकच व्यक्ती असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र इथूनच करून नेलं तर पुढचे हेलपाटे वाचतात. पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. पदवीचं साक्षांकन राज्य, मग परराष्ट्र मंत्रालय, मग थाई वकिलात अशा पायऱ्यांनी होतं. यातली कोणती पायरी शाळेला हवी आहे ते आधी ईमेलवर लेखी विचारा, कारण प्रत्येक पायरीला पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

एका गोष्टीत तडजोड नको. पर्यटक म्हणून मिळालेल्या शिक्क्यावर वर्गात उभं राहायचं नाही. 'आधी या, व्हिसा नंतर बघू' म्हणणारा एजंट कितीही ओळखीतला असला तरी नाही म्हणा. नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, त्यावर वर्क परमिट आणि शिक्षक परिषदेची तात्पुरती परवानगी, हा सरळ मार्ग आहे. शिवाय दर ९० दिवसांनी राहण्याच्या पत्त्याची नोंद करावी लागते, तिचे दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. करार वाचताना महिने मोजा. एजन्सीमार्फतचे करार पुष्कळदा १० किंवा ११ महिन्यांचे असतात, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुट्टीत पगार नाही. खोली घेताना साधारणपणे दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एका महिन्याचं आगाऊ भाडं द्यावं लागतं, आणि पहिला पगार महिनाअखेरीला. तेवढी रक्कम बरोबर हवीच.

शाळेत साडेसातच्या सुमाराला हजेरी लागते, बऱ्याच ठिकाणी बोटाचा ठसा घेऊन. आठ वाजता झेंडा, राष्ट्रगीत, प्रार्थना. त्या वेळी जिथे असाल तिथे स्थिर उभं राहायचं. आठवड्याला साधारण २० तास शिकवायचं असतं, पण दिवसभर शाळेतच थांबायचं असतं. वर्गाच्या दारात बुटांची रांग दिसली की आपलेही काढायचे. मुलं हात जोडून 'वाय' करतात. त्यांना मान लववून, हसून उत्तर पुरे. मुख्याध्यापकांना आणि वयाने मोठ्या शिक्षकांना मात्र आपण आधी करायचा. आपल्याकडे बाई सहज एखाद्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. तिथे डोकं हा शरीराचा सगळ्यात मानाचा भाग, त्यामुळे तो हात आवरावा. पाय कुणाच्या दिशेने पसरून बसू नये. राजघराण्याबद्दल वर्गात, स्टाफरूममध्ये किंवा फोनवरही काही बोलू नये. तिथला कायदा याबाबतीत फार कडक आहे.

आता उच्चार. या कामातलं सगळ्यात जास्त डोकं इथे लागतं.

थाई भाषेत शब्दाच्या शेवटी फार थोडे आवाज येऊ शकतात: तोंडातच दाबून धरलेले प, त, क, अनुनासिकं म, न, ङ, आणि य-वसारखे सरकते आवाज. बाकी जे काही इंग्रजी शब्दाच्या शेवटी येईल ते यांच्यापैकी एकात बसवलं जातं. म्हणून 'बस'चं 'बत' होतं, 'फिश'चं 'फित', 'फुटबॉल'चं 'फुटबॉन'. सुरुवातीची जोडाक्षरं सुटी होतात, 'स्कूल'चं 'सकून' होतं. आपल्याकडे 'इस्कूल' म्हणणारा वेगळ्या वाटेने जातो, पण अडचण तीच. 'श' नसल्यामुळे 'शेअर' आणि 'चेअर' एक होतात. र आणि ल बोलण्यात सर्रास अदलाबदल होतात. शिवाय जोर नेहमी शब्दाच्या शेवटच्या अवयवावर, म्हणजे सिलॅबलवर पडतो.

हे माहीत असलं की निम्म्या 'व्याकरणाच्या चुका' वेगळ्या दिसायला लागतात. मूल 'यस्टरडे आय वॉक' म्हणतं तेव्हा भूतकाळ समजलेला नाही, की शेवटचा 'ट' तोंडातून बाहेरच पडत नाही? ओळखायची सोपी युक्ती: तेच वाक्य वहीत लिहून घ्या. लिहिताना 'ईडी' आलं तर काळ समजला आहे, काम जिभेवर करायचं आहे. लिहितानाही नसेल तर काळ शिकवायचा. हे न तपासता भूतकाळाच्या पन्नास रिकाम्या जागा भरून घेण्यात महिना जातो आणि हाती काही लागत नाही.

शेवटच्या आवाजांसाठी तीन गोष्टी चालतात. एक, बोटं. 'बस' म्हणताना तीन आवाजांना तीन बोटं उघडायची. मूल आवाज गाळतं तेव्हा फक्त तिसरं बोट हलवायचं, तोंडाने काही सुधारायचं नाही. दुसरी, कागदाची पट्टी. ओठांसमोर चार बोटं रुंदीची पातळ पट्टी धरून 'कॅप' म्हणायला लावलं की 'प' फुटला तर पट्टी हलते. आपण काय करत नाही ते मुलाला डोळ्यांनी दिसतं. तिसरी, वाक्य शेवटाकडून बांधणं: 'शॉप', मग 'द शॉप', मग 'टु द शॉप', मग 'गो टु द शॉप'. सुरुवातीकडून बांधलं की शेवट दमलेला निघतो, आणि या मुलांचा नेमका शेवटच कच्चा असतो. एका तासाला एकच आवाज घ्या. सगळे एकदम सुधारायला गेलं की वर्ग गप्प होतो.

आपल्या स्वतःच्या उच्चारांकडेही बघायला हवं. मराठीतला 'ट' आणि 'ड' जीभ मागे वळवून येतात. इंग्रजीत जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकते. अमेरिकन आवाजांची सवय झालेल्या थाई कानांना आपला 'ट' जड लागतो. 'व' आपल्याकडे एकच, त्यामुळे 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' आपण एकसारखे म्हणून मोकळे होतो. थाई मुलांकडे फक्त ओठ गोल करून येणारा 'व' असतो, म्हणून खालचा ओठ वरच्या दातांना लावून दाखवायचं काम आपल्यावर येतं. ते आरशासमोर आधी स्वतः करून बघा. उलट 'झू' किंवा 'झिरो'चा घासून येणारा आवाज आपल्या 'जहाज'मध्ये बसलेलाच आहे, तो आयता मिळतो. कोणत्या अवयवावर जोर द्यायचा याबाबत मात्र स्वतःवर विश्वास ठेवू नका. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या अवयवावर असतो, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर जातो. शिकवायचे शब्द आदल्या रात्री शब्दकोशात ऐकून घ्या.

इंग्रजी शिकून मिळवलेली असणं हे या कामात कमीपणाचं आहे असं मला अजिबात वाटत नाही. ज्यांना ती जन्मापासून येते त्यांना दिसत नाहीत अशा जागा आपल्याला दिसतात. थाई माणूस 'इन बँकॉक हॅव मेनी कार' म्हणतो, कारण 'माझ्याकडे आहे' आणि 'तिथे आहे' या दोन्हींना त्याच्या भाषेत एकच क्रियापद आहे. मराठीतही दोन्हीकडे 'आहे'च. 'डोन्ट यू लाइक इट?' या प्रश्नाला तो 'येस' म्हणतो आणि त्याचा अर्थ 'हो, नाही आवडत' असा असतो. आपणही 'तू येत नाहीस ना?' या प्रश्नाला 'हो, नाही येत' असंच म्हणतो. इंग्रजीतल्या 'अ' आणि 'द'सारखी उपपदं त्याच्याही भाषेत नाहीत. घरी मराठी, मांडवीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी अशी अदलाबदल लहानपणापासून करणाऱ्या बडोदेकराला ही गाठ कुठे बसली असेल याचा अंदाज लगेच येतो. एकच ठिकाण सावधगिरीचं: 'ही' आणि 'शी'. थाईत दोघांना बोलताना एकच सर्वनाम चालतं, आणि ही चूक आपल्याकडून होत नाही म्हणून तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही.

मुलांचा वर्ग ४० ते ५० जणांचा असतो, तास ५० मिनिटांचा, आणि परदेशी शिक्षक एकेका वर्गावर आठवड्यातून अनेकदा एकदाच जातो. म्हणजे पाचशेच्या वर मुलं. सगळ्यांची खरी नावं लांबलचक असतात, पण प्रत्येकाला घरचं छोटं नाव असतं आणि शाळेतही तेच चालतं: प्लॉय, फर्न, बँक, आइस. पहिल्या तासाला बाकांचा नकाशा काढून त्यात ती नावं भरून घ्या. त्यांना थाई लिपीतही लिहायला सांगा म्हणजे वर्गातल्या थाई सहशिक्षिकेला वाचता येतील. तुम्हाला ते 'टीचर' आणि पुढे नाव असंच म्हणतील. आपलं नाव तीन-चार अवयवांचं असेल तर दोन अवयवांचं करून सांगा.

वर्गात पाय ठेवताच सगळे उठून एका सुरात गुड मॉर्निंग म्हणतील. हाऊ आर यू विचारलं की उत्तरही एका सुरात येईल, 'आयम फाइन थँक यू, अँड यू?' यात गैर काही नाही, पण ती ताल धरून म्हटलेली ओळ आहे, बोलणं नाही. पहिली पाच मिनिटं तिथेच घालवा. भूक, झोप, उकाडा, आनंद अशी चार मोठी चित्रं फळ्याच्या चार कोपऱ्यांत लावा आणि ज्याला जे वाटतं त्याने त्या बाजूला बोट करून बोलायचं. मग दहा मिनिटं नवीन शब्द. प्राथमिकला सहा, फार तर आठ. दहा-बारा घेतले की शेवटचे चार पहिल्या चारांना पुसून टाकतात. चित्रं ए-४ आकाराची हवीत, शेवटच्या बाकावरून वहीएवढं चित्र दिसत नाही. लॅमिनेट करून घ्या, नाहीतर पंख्याखाली आठवड्यात चुरगळतात. त्यानंतर पंधरा मिनिटं बांधलेला सराव, सगळ्यांनी एकत्र, मग रांगेने, मग जोडीने. एकट्याला उभं करून विचारणं शेवटी, आणि तेही ज्याला येतंय याची खात्री आहे त्याला आधी. उरलेल्या वेळात त्यांनी ते शब्द स्वतःच्या कामासाठी वापरायचे.

हा चौथा भाग नेहमी मोडतो, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: सूचना लांब झालेली असते. 'आता तुम्ही तुमच्या शेजाऱ्याला विचारा आणि त्याने सांगितलेलं लिहा' हे इंग्रजीत सांगितलं की ४५ चेहरे सहशिक्षिकेकडे वळतात. तोंडी सूचना चार शब्दांच्या पुढे नको. त्याऐवजी एका मुलाला पुढे बोलवा, त्याच्याबरोबर खेळ एकदा पूर्ण करून दाखवा, मग दोन मुलांकडून करवून घ्या, मग वर्गाला सोडा. झेरॉक्सवर भिस्त ठेवू नका. कधी कागद संपतो, कधी मशीन बंद असतं. कागद न लागणारे चार-पाच खेळ कायम तयार हवेत.

गोंगाटावर ओरडणं हा उपाय तिथे चालत नाही. चारचौघांत राग दाखवणाऱ्या मोठ्या माणसाबद्दलचा आदर तिथे लगेच कमी होतो, आणि मुलंही हसून वेळ मारून नेतात. टाळ्यांचा एक ठेका ठरवा, तुम्ही वाजवला की वर्गाने परत वाजवायचा. तिसऱ्यांदा हळू वाजवा. घशासाठी कमरेला लावायचा छोटा माइक-स्पीकर मिळतो. तिथल्या अनेक शिक्षिका तोच वापरतात. लाजू नका, पहिल्या पगारात घ्या.

परीक्षेबद्दल एवढंच लक्षात ठेवा की नापास झालेल्याची फेरपरीक्षा घेणं हे सहसा शिक्षकाच्याच गळ्यात असतं. त्यामुळे सत्रभराच्या छोट्या चाचण्यांचे गुण नीट नोंदवून ठेवा, तेच शेवटी उपयोगी पडतात.

प्रौढांचा वर्ग म्हणजे सगळा वेगळा मामला. हॉटेलच्या स्वागतकक्षातले, दवाखान्यातल्या नर्स, कारखान्यातले इंजिनिअर, सहा ते दहा जण, संध्याकाळी, दीड तास, कामावरून थकून आलेले. शाळेव्यतिरिक्त असा वर्ग घ्यायचा असेल तर तो आपल्या परमिटमध्ये बसतो का हे शाळेच्या कार्यालयाला आधी विचारा. मुलं चुकायला भीत नाहीत, प्रौढ भितात. समोरच्याला त्रास नको म्हणून 'समजलं नाही' हे ते तोंडातून काढत नाहीत. 'समजलं का?' विचारलं की मान हलते. त्याऐवजी करून दाखवायला सांगा: 'पाहुण्याला तिसऱ्या मजल्यावर पाठवा.' पाठवता आलं तर समजलं. चुका बोलण्याच्या मध्येच सुधारू नका, वहीत टिपून ठेवा आणि शेवटच्या दहा मिनिटांत नाव न घेता फळ्यावर लिहा.

त्यांच्या कामातले अडणारे मुद्दे आधी घ्या. 'कॅन' आणि 'कान्ट' यांतला 'ट' उमटत नसल्यामुळे नकाराचा होकार होतो. त्यांना सरळ 'कॅनॉट' म्हणायची सवय लावा. 'थर्टीन' आणि 'थर्टी' खोलीच्या क्रमांकात घोळ घालतात, म्हणून 'वन-थ्री', 'थ्री-झिरो' असे आकडे सुटे म्हणायला शिकवा. वेळ सांगताना विशेष जपा. थाई बोलीत संध्याकाळी सातपासून तास पुन्हा एकपासून मोजतात, म्हणजे रात्रीचे आठ हे त्यांच्या तोंडी 'दोन' असतात. हिशोब न बदलता इंग्रजीत आणलं की पाहुण्याची गाडी चुकते. सालही तसंच. तिथलं बौद्ध साल आपल्या इसवी सनापेक्षा ५४३ ने पुढे, त्यामुळे २०२५ च्या जागी २५६८ लिहिलं जातं. आरक्षणाच्या अर्जावर ते महागात पडतं. एक तास फक्त तारखा आणि वेळांसाठी ठेवा, आणि खरे छापील अर्ज भरायला द्या.

काहीजण टोइकसाठी येतात. २०० प्रश्न, त्यातले १०० ऐकण्याचे ४५ मिनिटांत आणि १०० वाचण्याचे ७५ मिनिटांत, गुण १० ते ९९०. अशांना संभाषणाचे खेळ देऊ नका, त्यांना घड्याळ लावून सराव हवा असतो. वाचनात बहुतेकांचा वेळ संपतो तो सुरुवातीच्या रिकाम्या जागांवर अडकून राहिल्यामुळे, आणि शेवटचे लांब उतारे तसेच राहतात. त्यांना आधी कुठे थांबायचं नाही ते शिकवा.

खाण्याचं थोडं. 'शाकाहारी' एवढं म्हणून चालत नाही, कारण माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, जवळजवळ सगळ्या भाज्यांत पडतं. 'जे' हा शब्द वापरा, त्यात मांस-मासे-अंडी तर नाहीतच, पण कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसतो. तूरडाळ आणि आपले मसाले बँकॉकच्या फाहुरत भागात मिळतात; चिंच, नारळ, शेंगदाणे, कोथिंबीर कुठेही. गोडा मसाला आणि मेतकूट इथूनच न्या. आपला दोन पिनांचा प्लग तिथे बसतो, तीन जाड पिनांचा बसत नाही, म्हणून मिक्सर नेत असाल तर अडॅप्टर बरोबर घ्या. स्टाफरूममध्ये भाकरवडीचं एक मोठं पाकीट आणि लीलो चिवडा पहिल्याच आठवड्यात उघडावा. झेरॉक्सच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्यांच्याशी ओळख तिथेच होते.

ऑक्टोबरमध्ये सत्राची सुट्टी असते आणि दिवाळी बहुधा तिच्या आसपास येते, त्यामुळे घरी यायचं ठरतंच. विमानाचं तिकीट काढण्याआधी इमिग्रेशनमधून री-एंट्री परमिट घ्या. ते न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की राहण्याची परवानगी तिथेच संपते, आणि दिवाळी आटोपून परत जाताना पुन्हा पहिल्या कागदापासून सुरुवात करावी लागते.